पडद्याची दुसरी बाजू

मी एक जुना पडदा आहे, नाटकाचा. माझं गाव कामठा. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली की गाव पाहुण्यांनी गजबजायचं आणि रात्रीच्या नाटकाला मला टांगायचे. माझ्यावरचा राजवाडा पाहून म्हातारेकोतारेही वाहवा करत. पुढे नाटक कंपन्या आपापले पडदे आणू लागल्या. मग मला गुंडाळून समाजमंदिराच्या माळ्यावर फेकलं, तिथे उंदरांनी माझी किनार कुरतडली. मला राग आला, मित्रांनो. अजूनही येतो.

मला खाली काढून घरी नेलं पुष्पांजलीनं. चाळिशीची बाई. लहानपणापासून ती कुणाच्या डोळ्यांत बघत नसे, भोंगा वाजला की कान दाबून पळे. गावानं तिला घमंडी ठरवलं. तिची आई कुंदाबाई तर पाहुण्यांसमोर चिमटे काढून तिला बोलायला लावी. तशीच रेटत ती गोंदियात शिक्षिका झाली, आणि एक दिवस वर्गात तिच्या तोंडून शब्दच फुटेना. नोकरी सोडून ती घरी पडून राहिली. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा ऑटिझम, जन्मापासूनचा. आजार नव्हे, पण चारचौघांसारखं वागण्याचं सोंग करून ही पार थकली आहे. घरी आल्यावर कुंदाबाई ते चिमटे आठवून रडली.

पुष्पांजलीनं माझी कोरी पाठ रंगवायला घेतली. गावचा तलाव, त्याची पाळ, खालच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं. प्रत्येक बांधीचा हिरवा वेगळा. रंगवता रंगवता ती पोटभर जेवू लागली, गुणगुणू लागली.

चित्राची बातमी गावभर झाली, तेव्हा यंदा मंडईसाठी नाट्यमंडळाचे अध्यक्ष केशोराव मला न्यायला आले. पडदा रंगवणाऱ्याचा मंचावर शाल-नारळ देऊन सत्कार करायची गावची रीत. पुष्पांजली माझ्याकडेच बघत म्हणाली, "मी नाही येत. पडदा न्या."

केशोरावांना तो मंडळाचा अपमान वाटला. त्यांनी राजवाडा पुढे करून मला टांगलं आणि तिचा तलाव मागे भिंतीकडे राहिला. ते कळताच कुंदाबाई मंचावर चढली.

"काऊन उलटा टांगला?"

"तुह्या पोरीले मान नाही पाहिजे, त तिचं चित्र कायले लावाचं?"

"मान तुमच्याजवळच ठेवा. लय वर्षं मी तिले चिमटे काढून लोकायपुढं उभी केली. आता नाही करत, अन् तुमालेबी करू देत नाही. पडदा पलटवा, नाही त मी घरी घेऊन जातो."

ती माझ्या दोऱ्या सोडायलाच लागली. केशोराव धुसफुसले, पण शेवटी मला पलटवलं. तलाव दिसताच लोक उठून पुढे आले आणि बोटं दाखवून आपापली बांधी शोधू लागले. केशोरावांनाही त्यांची सापडली. सत्काराचं नाव मग त्यांनी काढलं नाही.

मित्रांनो, पडद्याला ओल लागू देऊ नये, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझं सांगणं निराळं आहे. कुणी चित्र पाठवून स्वतः घरी राहिलं, तर चित्र पाहा, माणसाला ओढून आणू नका. पुष्पांजली त्या दिवशी आली नाही. त्याबद्दल आम्ही कुणाची माफी मागितली नाही आणि मागणारही नाही.