मुरमाच्या खाणीवरची दहा घरं

जूनच्या पहिल्या शनिवारी नोएल पेलेतिएने आपलं सगळं सामान एका छोट्या गाडीत कोंबलं. टॅनर्स कोव्हच्या शाळेत ती तिसरी-चौथीला शिकवायची. सप्टेंबर ते मे तिला समुद्रकाठचं एक घर भाड्याने मिळे. जून लागला की मालकाला उन्हाळी पाहुणे हवे असत, आणि ते पाहुणे आठवड्याला जेवढं मोजत तेवढा नोएलचा महिन्याचा पगारही नव्हता. गादी टपावर बांधायला डार्लीन स्प्रेग आली होती.

"सप्टेंबरात येशील ना गं परत?" दोरीची गाठ आवळत डार्लीनने विचारलं.

"यायचंय तर खूप. पण मालक आता ते घर सप्टेंबरातही देणार नाही म्हणतो. राहू कुठे, ते तुम्ही सांगा."

डार्लीनने आणखी एक गाठ मारली. ती त्याच शाळेत सत्तावीस वर्षं स्वयंपाक करत होती, आणि गेली दोन वर्षं गावाच्या तीन पंचांपैकी एक होती. चार वर्षांत तीन शिक्षक असेच गाडीला गाद्या बांधून गेलेले तिने पाहिले होते. अँब्युलन्सचे दोन्ही ड्रायव्हर पन्नास मैलांवर राहायचे. टॅनर्स कोव्हमध्ये कामाला माणसं येत होती, राहायला कुणी येऊ शकत नव्हतं.

उपाय नव्हता असं नाही. गावाच्या मालकीची जुनी मुरमाची खाण होती, नऊ एकर, सतरा वर्षं ओसाड पडलेली. तिथे दहा घरं बांधायची, बाराही महिने गावात राहणाऱ्यांनाच द्यायची, आणि भाडं त्यांच्या कमाईला झेपेल एवढंच ठेवायचं, अशी डार्लीनची योजना होती. खर्चाचा मोठा वाटा राज्याच्या घरबांधणी निधीतून मिळणार होता, उरलेल्याला बँक तयार होती. अडचण एकच होती. गावाच्या नियमाप्रमाणे एका घरामागे दोन एकर जमीन लागे. तो नियम गावसभेने बदलल्याशिवाय राज्य अर्जाला हातही लावणार नव्हतं, आणि मार्चच्या गावसभेत हा ठराव साफ आपटला होता.

आपटवला होता वेस्टन अ‍ॅलीने. वय चौऱ्याहत्तर, सारी हयात शेवंडी पकडण्यात गेलेली, घर खाणीला लागूनच. त्याने भाषण वगैरे केलं नव्हतं. उभा राहिला आणि म्हणाला, "दहा घरं म्हणजे तीस माणसं. पाणी कुठून आणणार? माझ्या विहिरीतून?" टेकडीवरच्या प्रत्येकाला आपापली विहीर आठवली, आणि ठराव अठ्ठ्याऐंशी विरुद्ध एकसष्ट असा पडला.

नोएलची गाडी वळणाआड गेली तशी डार्लीन आपल्या गाडीत बसली आणि थेट वेस्टनच्या दारात उतरली. तो ओसरीवर सापळ्याची जाळी विणत बसला होता.

"आलीस का भांडायला? मार्चपासून वाट बघतोय."

"भांडायला नाही, विचारायला आलेय. तुझं म्हणणं खरं निघालं तर?"

वेस्टनचा हात थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे पाणी खरंच कमी असेल तर मी या घरांचं नाव टाकते. पण कमी आहे हे तुला तरी कुठे माहीत आहे? तू अंदाज सांगितलास, मी इंजिनियरचा कागद वाचून दाखवला. विहिरीत डोकावलं कुणीच नाही."

"त्या इंजिनियरने माझी विहीर बघितलीसुद्धा नाही. ऑफिसात बसून रेघा ओढल्यान्."

"म्हणून सांगते. खाणीत बोअर मारू. दहा घरांना लागेल त्याच्या दुप्पट पाणी सलग तीन दिवस उपसू. तेवढा वेळ तू तुझ्या विहिरीची पातळी मोज. ऑगस्टात."

"ऑगस्टात? डोकं फिरलंय का तुझं? तेव्हा माझी विहीर तशीच तळाला गेलेली असते."

"म्हणून तर ऑगस्टात."

वेस्टनने जाळी बाजूला ठेवली. "मोजणार मी. माझ्या टेपने. आणि आकडे सभेपर्यंत कुणाला सांगणार नाही. तुलाही नाही."

डार्लीनने मनात दिवस मोजले. अर्जाची मुदत सप्टेंबरअखेर संपत होती. सभा त्याआधी जेमतेम एकदा भरवता आली असती. तरी ती म्हणाली, "कबूल."

दुसरा पंच क्लिफ्टन हे ऐकून तडकलाच. "विरोध करणाऱ्याच्याच हातात मोजपट्टी? अगं, तो पाहिजे तो आकडा सांगेल!"

"क्लिफ्टन, वेस्टनने नियमापेक्षा सुतभर लहान शेवंड कधी होडीत ठेवली आहे का? आजूबाजूला चिटपाखरू नसतानाही?"

"नाही ठेवली," क्लिफ्टन म्हणाला, "माझ्या बापाने ठेवली होती, तर त्याच्याशी दोन वर्षं बोलला नव्हता."

बोअरसाठी पैसा नव्हता, पण शाळेचं स्वयंपाकघर होतं. जुलैत दर शनिवारी डार्लीनने घेवड्याच्या जेवणाचा बेत लावला. गुळाच्या काकवीत मंद शिजवलेला घेवडा, वाफेवरचा काळपट ब्रेड, शेवटी ब्लूबेरी भरून भाजलेला गोड 'पाय'. पहिल्या शनिवारी गावातले साठ जण आले. दुसऱ्या शनिवारी उन्हाळी पाहुण्यांना वास लागला आणि रांग पटांगणाबाहेर गेली. ज्या पाहुण्यांपायी गावात भाड्याने घर मिळेना, तेच ताटं चाटूनपुसून पुन्हा वाढ मागत होते. डार्लीन हसतहसत वाढत होती आणि देणगीचा डबा पुढे करत होती. तिसऱ्या शनिवारी बोअरची रक्कम जमली, चौथ्या शनिवारी पंपाच्या डिझेलचीसुद्धा.

दोनशे दहा फुटांवर पाणी लागलं. ऑगस्टच्या मध्याला, तीन आठवडे थेंबही पडला नव्हता अशा कोरड्या दिवसांत, पंप सुरू झाला. बहात्तर तास त्याची घरघर टेकडीवर ऐकू येत होती. वेस्टन विहिरीच्या कठड्याशी खुर्ची टाकून बसला. तासातासाला टेप खाली सोडायचा, चष्मा पुसायचा, वहीत आकडा लिहायचा. तो डोळे मिटायला आत गेला की बायको थेल्मा बसायची. डार्लीन रोज एकदा जेवणाचा डबा देऊन जायची.

"काय म्हणतेय विहीर?" तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही.

"ती मला सांगते," वेस्टन म्हणाला, "तू सभेला ये."

त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. पुढचे पाच आठवडे डार्लीनची झोप उडाली. नवऱ्याला ती म्हणायची, "मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला बहुतेक."

एकोणीस सप्टेंबरला शाळेच्या जिममध्ये खास गावसभा भरली. खुर्च्या संपल्या, लोक भिंतींना टेकून उभे राहिले. नोएलही आली होती. सप्टेंबरपासून ती बहिणीच्या घरून रोज पन्नास मैल गाडी हाणत होती. आता गावची रहिवासी नसल्याने तिला मत नव्हतं, म्हणून मागच्या बाकावर बसली होती. ठराव वाचला गेला आणि वेस्टन माइककडे चालू लागला.

त्याने खिशातून वही काढली. "मी हे पाडायलाच मोजायला बसलो होतो," तो म्हणाला. "लपवत नाही. पंप सुरू व्हायच्या आधी, पाणी काठापासून चौदा फूट तीन इंच. पहिला दिवस संपला तेव्हा चौदा फूट तीन. दुसरा दिवस, चौदा फूट चार. मला वाटलं, आली ही योजना पकडीत. तिसरा दिवस..." त्याने चष्मा सारखा केला. "चौदा फूट चार. पंप बंद झाला, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चौदा फूट तीन. एक इंच. थेल्माची अंघोळ याच्यापेक्षा जास्त पाणी घेते."

जिममध्ये हशा पिकला. थेल्माने दुसऱ्या रांगेतून ओरडून सांगितलं, "आणि तुझी महिन्यातून एकदाची!"

हशा ओसरल्यावर वेस्टन म्हणाला, "माझी एक दुरुस्ती आहे. दर ऑगस्टात गावाने टेकडीवरच्या विहिरी मोजायच्या आणि आकडे सगळ्यांना दाखवायचे. एवढं घाला, माझं मत तुम्हाला."

डार्लीन उठली. ती म्हणाली, "घातलं."

मतदानाची हिरवी कार्डं वर गेली. मोजणाऱ्याने दोनदा मोजली. बाजूने एकशे एक्कावन्न, विरोधात चौतीस. क्लिफ्टनने शिट्टी मारली, आणि मागच्या बाकावर नोएल ओंजळीत तोंड लपवून रडत बसली. अर्ज मुदतीच्या चार दिवस आधी गेला.

डिसेंबरात, मधल्या सुट्टीत, डार्लीनचे दोन्ही हात सॉसमध्ये बरबटलेले असताना स्वयंपाकघरातला फोन वाजला. निधी मंजूर झाला होता. तिने फोन ठेवला, खिडकीतून जेवणाच्या हॉलमध्ये डोकावली आणि कुणाला तरी सांगायलाच हवं म्हणून समोरच्या पहिलीच्या पोरीला सांगितलं, "आपल्याला घरं मिळाली!"

"मला आहे घर," पोरगी म्हणाली आणि ताट पुढे केलं.

पुढच्या उन्हाळ्याअखेर दहा घरं उभी राहिली. चिठ्ठ्या काढून वाटप झालं. नोएलला कोपऱ्यावरचं मिळालं. एका अँब्युलन्स ड्रायव्हरला तीन मुलांसह शेजारचं, आणि बापाच्या गॅरेजवर संसार मांडून बसलेल्या एका तरुण मासेमार जोडप्याला त्यापलीकडचं. सामान वाहायला गावातल्या बावीस गाड्या आपणहून आल्या. वेस्टन आपला जुना ट्रक घेऊन आला आणि नोएलचा सोफा दारातून तिरपा कसा घालायचा यावर क्लिफ्टनशी अर्धा तास वाद घालत राहिला.

शाळा उघडली त्या दिवशी डार्लीनने नेहमीप्रमाणे सत्तेचाळीस मुलांचा अंदाज धरून मॅकरोनी शिजवली. रांग संपता संपेना. टेकडीवरच्या नव्या घरांतून अकरा मुलं जास्तीची आली होती, आणि भांड्याचा तळ खरवडूनही शेवटच्या चौघांना पुरलं नाही.

"संपलं?" ड्रायव्हरच्या धाकट्याने रडवेल्या तोंडाने विचारलं.

"संपलं रे राजा," डार्लीन म्हणाली. शेंगदाण्याचं लोणी ब्रेडवर भराभरा फासताना तिला हसू आवरत नव्हतं. "अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच संपलं!"