बारा मेंदू आणि स्पिरिटची बाटली

संग्रहालयाच्या तळघरात माझ्यासमोर रबराचे बारा मेंदू ओळीनं मांडले होते, आणि कुठला कुणाचा हे मला सांगता येत नव्हतं.

चूक माझीच. वटवाघळाच्या कवटीत पातळ रबर ओतायचं, घट्ट झालं की मागच्या भोकातून अलगद ओढायचं. मेंदूचा हुबेहूब ठसा हाती येतो. तीन आठवडे खपून मी असे बारा काढले, प्रत्येकाच्या बुडाला पक्क्या शाईनं कवटीचा नंबर टाकला. आणि आज सकाळी, माझ्या मार्गदर्शक मॅडमना चकचकीत दिसावेत म्हणून, सगळे स्पिरिटनं पुसले. पक्की शाई पाण्याला दाद देत नाही. स्पिरिटपुढे मात्र सरळ लोटांगण घालते.

मॅडम चारला येणार होत्या. काम पसंत पडलं तर पुढच्या साठ कवट्या माझ्या एकटीच्या हाती देणार होत्या.

"तोंड का एवढंसं झालंय?" पलीकडच्या टेबलावरून साचेवाल्या काकांनी विचारलं.

मी सांगितलं. "स्पिरिटचा वास आला तेव्हा हटकायचं ना, काका!"

"वास? माझं नाक नमुने टिकवायच्या फॉर्मलिननं कधीच खाल्लं. मी बोटांवर जगतो."

त्यावरून मला सुचलं. जी वटवाघळं आवाजाच्या प्रतिध्वनीवर किडे पकडतात, त्यांच्या मेंदूत ऐकण्याचे उंचवटे फुगीर असतात. जी वासावर फळं शोधतात, त्यांचे पुढचे वासाचे गोळे मोठे. कुठल्या नंबरचं वटवाघूळ काय खातं आणि त्याची कवटी केवढी, हे रजिस्टरात होतंच. दोन तासांत मी बाराही ठशांवर नंबर टाकले आणि टेबलावर ताल धरला.

काकांनी एक ठसा उचलून अंगठ्यानं चाचपला. "हा कुणाचा?"

"सात नंबर. फळखाऊ. वासाचे गोळे बघा ना केवढे!"

"आणि तुम्हा दोघींना सिद्ध काय करायचंय?"

"फळखाऊंचे वासाचे गोळे मोठे असतात का, ते."

"मग झालं की सिद्ध. मोजत कशाला बसतेस?"

मी हसले. मग हसू तोंडातच राहिलं. वासाचे गोळे बघूनच नंबर दिल्यानं उत्तर मीच आत घालून ठेवलं होतं. मोजलं असतं तर तेच परत बाहेर आलं असतं.

मी सगळ्यांचा नंबरांसकट एक फोटो काढला आणि पुन्हा बाटली उघडली.

"अगं ए, चारला दहा कमी आहेत!"

"म्हणूनच घाई करतेय."

मॅडम आल्या. मी एका दमात सगळं ओकून टाकलं. त्यांनी बारा कोऱ्या ठशांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गप्प बसली असतीस तर मला कळलं नसतं."

"हो, मॅडम."

"साठ कवट्या आता विसर." मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "आधी या बारा परत ओत. मग बघू."

"आणि दोऱ्यानं नंबर कोरलेली पत्र्याची चकती बांध," काका म्हणाले. "शाईचे लाड पुरे."

पुन्हा तीन आठवडे गेले. नवे ठसे फोटोतल्या जुन्यांशी ताडून पाहिले, तर माझे आठ अंदाज बरोबर, चार चूक. दोन फळखाऊंना मी किडेखाऊंचे नंबर दिले होते, आणि उरलेले दोन नंबर उरलेल्या दोन किडेखाऊंच्या गळ्यात मारले होते. ती दोन फळखाऊ छोटी, आवाजावरही उडणारी. त्यांचे ऐकण्याचे उंचवटे फुगीर होतेच, आणि त्यावर भुलून मी पुढचे गोळे धड पाहिलेही नव्हते. मोजले तेव्हा तेही चांगले भरले. नाकाच्या नादात त्यांनी कान सोडला नव्हता.

"माझ्या नंबरांत ही दोघं गडप झाली असती," मी म्हटलं.

मॅडमनी ते दोन ठसे उचलून पाहिले. त्यांनी कपाटातून साठ कवट्यांचं खोकं काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

काका उठले, माझ्या टेबलावरची स्पिरिटची बाटली उचलली, स्वतःच्या खणात टाकली आणि कुलूप लावून किल्ली खिशात घातली.