रांगेतले डबे

"हे डबे परत करून टाकू का गं?" चांगुणाबाईंनी लेकीला विचारलं. तिचे वडील पुंजाराम वारून आठवडा झाला होता. टेंभुर्णीतली त्यांची पिठाची गिरणी तेव्हापासून बंद होती आणि ओट्यावर लोकांचे डबे रांगेत तसेच होते. मागायला कोणी आलं नव्हतं.

"संध्याकाळपर्यंत थांब, आई," अक्षता म्हणाली. गिरणी चालवायची की विकायची, ते तिलाच ठरवायचं होतं. ती जाफराबादला, कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवायला निघाली.

आज ॲक्टर, म्हणजे आपली माहिती स्वतःपाशीच सांभाळणारे प्रोग्रॅमचे भाग, शिकवायचे होते. "क्लास म्हणजे साचा," तिनं सुरुवात केली. "कोणती माहिती ठेवायची, कोणती कामं करायची, एवढं त्यात लिहिलेलं. त्यातून ऑब्जेक्ट बनतो. पण दोन कामं एकाच वेळी त्याच्यात शिरली, की माहितीचा घोळ होतो. ॲक्टरही साच्यातूनच बनतो. तो मात्र कोणाला आत घेत नाही."

समोरचे चेहरे कोरेच. तिनं फळा पुसला आणि त्यावर गिरणी काढली.

"दोघांनी आपापलं धान्य एकदम ओतलं तर?"

"गव्हात ज्वारी," पुढच्या बाकावरचा मच्छिंद्र म्हणाला.

"म्हणून गिरणीवाला कोणाला यंत्राला हात लावू देत नाही. डबा ओट्यावर ठेवायचा आणि आपल्या कामाला जायचं. डबा म्हणजे मेसेज. गिरणीवाला म्हणजे ॲक्टर, तो एकेक डबा घेतो. मग अशा कितीही गिरण्या एकदम चालू द्या."

"अन् गिरणीवाल्याचा मामाच घाईत आला तर?"

"मामाचाही डबा रांगेतच."

वर्ग हसला. मच्छिंद्र थांबेना. "मॅडम, ॲक्टरच बंद पडला तर?"

तिनं फळ्यावरच्या गिरणीपुढे डब्यांची रांग काढली. मग ती म्हणाली, "त्याच्या आत जे होतं ते त्याच्याबरोबर जातं. पण साचा राहतो, आणि रांग जपून ठेवता येते. दुसरा उभा करायचा. तो पहिल्या डब्यापासून सुरू करतो."

संध्याकाळी गिरणीत परतल्यावर तिनं ओढणी कमरेला खोचली. "पहिला कोणाचा?"

"गिरिजाबाईची ज्वारी. बारीक लागती का जाड, मला न्हाई ठाऊक. तुझ्या बाबालाच ठाऊक."

अक्षतानं समोरच्या घराकडे हाक मारली. "मावशी, पीठ कसं पाहिजे?"

"तुझा बाप द्यायचा तसं."

"ते आता तुम्ही सांगायचं."

गिरिजाबाई ओट्यापाशी आल्या. गिरणी सुरू झाली. अक्षतानं चिमूटभर पीठ त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी बोटांनी चोळलं. "जाड हाय." तिनं दगड जरा आवळला, पुन्हा चिमूट दिली.

"बराबर," गिरिजाबाई म्हणाल्या. "मंग उद्या गहू आणते."

"रांगेत ठेवा," अक्षता म्हणाली.