आईच्या दाराची पट्टी

बाबांच्या जुन्या फियाटला चार दारं आणि चारही दारांवर क्रोमची पट्टी. तीन पट्ट्या लखलखीत. चौथी, पुढच्या डाव्या दाराची, वर्षात दोनदा नव्यानं क्रोम चढवूनही काळवंडलेली. एकच गाडी, एकच ऊन, एकच शेड. माझं डोकंच चालेना.

डोकं चालेनासं झालं की माझं तोंड चालतं. अधारतालला मुरलीधर भैयाच्या दुकानात गाडी नेऊन चार गिऱ्हाइकांसमोर मी त्याला लबाड म्हटलं. बाबा होते तेव्हापासून आमच्या गाडीचं क्रोम तोच करतो. पट्टीवरून अंगठा फिरवत तो एवढंच म्हणाला, "घिसा है किसी ने, अश्वजीत भैया. अपने आप ऐसा नहीं होता."

कोण घासणार? गाडीला हात लावणारा मी एकटा, आणि मी बाबांसारखं मऊ कोरडं फडकंच फिरवतो. मी शेजारच्या योगेंद्रवर संशय घेतला, मग त्याच्या मांजरावर. मांजर एकाच पट्टीच्या मागे का लागेल, हे मलाही सांगता आलं नसतं.

पौर्णिमेला सकाळी दूध घेऊन परतलो, तर आई शेडमध्ये पाटावर बसलेली. विहारात जायच्या आधी ती दर पौर्णिमेला बुद्धमूर्तीपुढचं पितळी मेणबत्तीचं स्टँड चिंच-मिठानं घासते. ते पायरीवर चमकत होतं. उरलेली चिंच तिच्या हातातल्या काथ्यावर होती आणि काथ्या पट्टीवर.

"आई, काय करून राहिली तू?"

"तुझे बाबा माझं दार रोज पुसत होते ना. म्हणायचे, कलावती, यात तुझं तोंड दिसलं पाहिजे. ते गेल्यापासून मीच करून राहिली. पण जितकं घासते, तितकं काळं पडते. काहून रे?"

इतके महिने जे उत्तर मी शोधत होतो ते माझ्या जिभेवर होतं, आणि मला ते देववेना. ती ओल्या हातानं पट्टी पुसून, मान वाकडी करून त्यात बघत होती. मला रडू आलं.

"आजकाल क्रोमच हलकं येतं," मी म्हणालो.

"मग मुरलीधर भैयाला सांग, पक्कं चढवून दे म्हणा."

म्हणजे मी पुन्हा त्याच्यावरच ढकललं होतं. खरं सांगायला हवं होतं की नाही, हे मला अजूनही कळत नाही. आईला विहारातून घरी सोडलं आणि तसाच दुकानात गेलो. तिथं गिऱ्हाइकं होती, ते बरंच झालं. सगळ्यांसमोर माफी मागितली.

"घिसता कौन था?" मुरलीधरनं विचारलं.

"मैं ही."

"और अब?"

"अब भी घिसूंगा. पूनम के बाद फिर आऊंगा."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग पट्टीच्या कडेला अडकलेला काथ्याचा धागा चिमटीनं काढला आणि नाकाशी नेला.

"अम्मा से कहना, इस बार मोटा चढ़ा दूंगा," तो म्हणाला आणि पट्टी सोडवायला बसला.