वच्छलाबाईचा जबाब

अपघात झाला तेव्हा सकाळचे पावणेदहा वाजले होते आणि वच्छलाबाई अकरा लेकरं घेऊन रस्ता ओलांडत होती.

पुंडलिकनगरच्या मागं गुंठेवारीत वसलेली ही वस्ती. इथल्या अंगणवाडीत वच्छलाबाई अठरा वर्षांपासून मदतनीस होती. सकाळी घरोघरी फिरून लेकरं गोळा करायची, सेविका तनुजाताई त्यांना गाणी शिकवायला लागल्या की खिचडीचं बघायचं आणि दुपारी पुन्हा ज्याला त्याला त्याच्या दारात पोचवायचं, असा तिचा दिवस. इतकी वर्षं अंगणवाडी वस्तीतल्याच समाजमंदिरात भरत होती. दिवाळीनंतर मात्र समाजमंदिराला कुलूप लागलं. तिथं व्यायामशाळा करायची म्हणून लोखंडी सामान आणून टाकलं गेलं, आणि अंगणवाडीची रवानगी मोठ्या रस्त्यापलीकडच्या एका शटरच्या गाळ्यात झाली.

रस्ता नुकताच सिमेंटचा झाला होता. सकाळच्या वेळी त्यावरून शेंद्र्याच्या कंपन्यांच्या बस, पाण्याचे टँकर आणि शाळांच्या रिक्षा सुसाट सुटायच्या. गतिरोधक नाही, पांढरे पट्टे नाहीत. वच्छलाबाईनं पहिल्याच आठवड्यात तनुजाताईंना सांगितलं होतं, "ताई, ह्या रस्त्याचं मला लई भ्या वाटतं." ताईंनी वर लेखी कळवलं. वरून काही आलं नाही.

त्या मंगळवारी रस्त्याच्या मधोमध लहानग्या ऋतुराजची चप्पल निघाली आणि ती उचलायला तो मागं पळाला. वच्छलाबाईनं उजव्या हाताला धरलेल्या चार वर्षांच्या ज्ञानेश्वरीचा हात सोडला आणि ऋतुराजला दंडाला धरून खेचलं. तेवढ्यात भाजीचा टेम्पो आला. चालकानं ब्रेक दाबला, पण टेम्पो घसरत आला आणि ज्ञानेश्वरीला कडेला उडवून थांबला.

पोरगी वाचली. डावा पाय मात्र दोन ठिकाणी मोडला. सरकारी घाटी दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत सळई बसली. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण पायात थोडा फरक राहील.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर मॅडम अहवाल करायला आल्या. जबाब त्यांनीच लिहिला आणि वाचून दाखवला. 'रस्ता ओलांडत असताना मुलीने अचानक हात सोडवून घेतला व ती पळाली.' वच्छलाबाई काही बोलायच्या आत तनुजाताईंनी तिला बाजूला घेतलं.

"मावशी, असंच लिहावं लागतं. नाहीतर तुमची नोकरी जाईल आणि माझी चौकशी लागेल. चूक टेम्पोवाल्याचीच आहे ना? मग झालं तर."

तनुजाताई वाईट नव्हत्या. त्यांच्याही घरी दोन लेकरं होती. वच्छलाबाईचा नवरा सोनाजी शेंद्र्याच्या एका कंपनीत वॉचमन होता, पण दम्यानं त्याचे निम्मे दिवस घरातच जायचे. चौथीपर्यंत शिकलेल्या वच्छलाबाईनं एकेक अक्षर जुळवत सही केली.

तीन आठवड्यांनी राजगिऱ्याचे लाडू घेऊन ती ज्ञानेश्वरीला बघायला गेली. पोरीची आई सुरेखा कंपनीतून रजा काढून घरीच बसली होती. तिनं दार उघडलं, पण तोंडानं 'या' म्हणाली नाही. ज्ञानेश्वरी पलंगावर पाय लांब करून पडली होती. वच्छलाबाईला बघून ती हसली नाही, रडलीही नाही. लाडू हातात घेऊन तसाच धरून ठेवला.

"आजी," ती म्हणाली, "मी हात सोडला म्हणून गाडी आली ना?"

वच्छलाबाई पलंगाच्या कडेला टेकली. "कोण म्हणलं?"

"मम्मी म्हणली. मॅडमनी लिहिलंय." पोरगी पुढं म्हणाली, "आता नाय सोडणार मी. कधीच नाय."

मागून सुरेखा बोलली. आवाज कोरडा होता. "शंभरदा सांगितलं होतं तिला, मावशीचा हात सोडायचा नाही. ऐकेल तर शपथ."

खरं सांगायची वेळ तीच होती. पण पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून वच्छलाबाई उठली आणि पायात चपला सरकवून बाहेर पडली. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत तिला धड दिसतही नव्हतं.

त्या आठवड्यात दोनदा खिचडी बुडाला लागली. अठरा वर्षांत कधी असं झालं नव्हतं. तिचं जेवण तुटलं तसं सोनाजीनं तिला समोर बसवलं आणि विचारलं. तिनं सगळं सांगितलं.

सोनाजीनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "सांगितलं तर काय व्हईल?"

"नोकरी जाईल."

"आन नाय सांगितलं तर?"

ती उठून भांडी घासायला बसली.

इकडं वस्तीतले लोक गप्प बसले नव्हते. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेल्या खंडेरावांनी घरोघर फिरून दोनशेवर सह्या गोळा केल्या. मागण्या तीनच होत्या. रस्त्याला गतिरोधक आणि पट्टे पाहिजेत, समाजमंदिर अंगणवाडीला परत पाहिजे, आणि लेकरं ने-आण करायला आणखी एक मदतनीस पाहिजे. महापालिकेला किती वर्षांनी निवडणूक होऊन नगरसेवक मिळाले होते. प्रभागातल्या चौघांनाही निवेदन दिलं. त्यातले तात्यासाहेब तेवढे म्हणाले, "रविवारी येतो. लोकांसमोरच बोलू."

रविवारी सकाळी मारुतीच्या मंदिरापुढच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या. बायका जास्त होत्या. सुरेखा ज्ञानेश्वरीला कडेवर घेऊन आली आणि खांबाला टेकून बसली. वच्छलाबाई मागं, पायऱ्यांपाशी बसली. तनुजाताई तिच्या शेजारी.

तात्यासाहेब साठीचे, पांढऱ्या शर्टातले, शांत बोलणारे गृहस्थ. निवडून यायच्या आधीच वस्तीला नळाची लाइन त्यांनीच खटपट करून आणली होती, त्यामुळं लोक त्यांना मानायचे. खंडेरावांनी मागण्या वाचल्या. तात्यासाहेबांनी हातातली फाईल उघडली.

"गतिरोधकाचं म्हणाल तर त्याला वाहतूक पोलिसांची परवानगी लागते. मी पत्र देतो. मदतनीस द्यायची ती अंगणवाडीच्या खात्यानं, ते खातं महापालिकेचं नाही. आणि राहिला अपघात. वाईट वाटून घेऊ नका, पण मी अहवाल मागवून वाचलाय." त्यांनी चष्मा लावला. "मुलीने अचानक हात सोडवून घेतला व ती पळाली. आता पोरगीच हात सोडवून पळाली तर तिथं गतिरोधक काय करणार? आपण आईबापांनीही लेकरांना थोडं वळण लावायला पाहिजे की नाही?"

कुणीतरी "ते बी खरंच हाय" असं पुटपुटलं. बायकांच्या माना सुरेखाकडं वळल्या. सुरेखानं डोळे खाली घातले. तिच्या मांडीवरची ज्ञानेश्वरी आईच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. ती सगळं ऐकत होती.

वच्छलाबाई उभी राहिली. तनुजाताईंनी तिचा पदर धरला. तिनं तो हळूच सोडवला.

"तात्यासाहेब, ते खोटं हाय."

"काय खोटं?"

"तुम्ही वाचलं ते. सही माझीच हाय. पण पोरीनं हात सोडवला नाय. म्या सोडला."

पटांगणात कुजबूज सुरू झाली. खंडेरावांनी हात वर केला तशी ती थांबली. वच्छलाबाईला इतक्या माणसांसमोर बोलायची सवय नव्हती.

"आमची मेंढरं व्हती. लासूर स्टेशनकडं माझं माहेर. पोरसवदा व्हते तवा बापासंगं मेंढरं घेऊन डांबरी ओलांडायचे. पुढं एक माणूस, मागं एक माणूस, बाजूला कुत्रं. आन एक जण रस्त्यात हुभा राहून गाड्या थांबवायचा. तवा कुठं कळप पलीकडं जायचा. मेंढरासाठी एवढं करत्यात. हितं अकरा लेकरं व्हती, आन मला हात दोन. एका पोराची चप्पल निघाली, ते मागं पळालं. त्याला धराया म्या हिचा हात सोडला. उद्या पुन्हा तसंच झालं तर पुन्हा कुणाचा तरी सोडावाच लागंल. कुणाचा सोडू, ते तुम्ही सांगा मला."

वच्छलाबाई माणसांतून वाट काढत खांबापाशी गेली आणि पोरीसमोर खाली बसली.

"ज्ञानू, तुझी काय बी चूक नव्हती. तू घट्ट धरला व्हता माझा हात. म्याच सोडला. ऐकलंस का बाळा?"

ज्ञानेश्वरीनं तिच्याकडं बघितलं, मग आईकडं बघितलं. सुरेखाचा चेहरा पांढरा पडला होता. ती उठली, पोरीला छातीशी धरलं आणि सगळ्यांदेखत पटांगणातून निघून गेली. वच्छलाबाई तिथंच बसून राहिली.

खंडेराव घसा खाकरून म्हणाले, "तात्या, एक विचारू? गतिरोधक पोलिसांकडं, मदतनीस खात्याकडं. ठीक हाय. समाजमंदिराची किल्ली कोणत्या खात्याकडं असते?"

तात्यासाहेबांनी चष्मा काढला. व्यायामशाळेचं सामान कुणाच्या सांगण्यावरून आलं हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"किल्ली माझ्याकडं आहे," ते शेवटी म्हणाले. "पंधरा दिवस द्या मला."

पंधरा दिवसांचे बत्तीस दिवस झाले. पण सामान हललं, भिंतींना चुना लागला आणि अंगणवाडी समाजमंदिरात परत आली. गतिरोधकाला आणखी महिना लागला. पट्टे मारायला आलेल्या माणसांना वस्तीतल्या बायकांनी चहा नेऊन दिला. दुसरी मदतनीस काही मिळाली नाही. कागद कुठल्या तरी टेबलावर आहे, एवढंच कळलं.

अंगणवाडी परत भरली त्या दिवशी वच्छलाबाई तिथं नव्हती. खोटा जबाब दिल्याबद्दल तिला नोटीस आली होती आणि चौकशी संपेपर्यंत कामावर यायची मनाई होती. तनुजाताईंनी तिच्याशी बोलणं सोडलं होतं. सकाळी साडेनऊच्या सुमाराला लेकरांचा गलका ऐकू यायचा, तेव्हा ती मुद्दाम मोरीत जाऊन नळ सोडायची.

अशाच एका सकाळी सुरेखा आली. दारातच उभी राहिली.

"बस," वच्छलाबाई म्हणाली.

"बसत नाही. मला चौकशीला बोलावलंय, परवा." सुरेखानं पर्सचा पट्टा घट्ट धरला होता. "मावशी, तुम्ही तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. महिनाभर मी माझ्या पोरीला बोलत होते. अपघात झालेल्या लेकराला मी बोलत होते. मारलंसुद्धा एकदा."

"व्हय," वच्छलाबाई म्हणाली.

"तुम्ही हात सोडला याचा मला राग नाही. मी असते तर मीही तेच केलं असतं. पण तुम्ही गप्प बसलात ना, ते माझ्या मनातून जात नाही."

"जाऊ बी नये."

सुरेखानं पर्सचा पट्टा सोडला. "ती आता विचारत नाही. त्या रविवारपासून एकदाही नाही." एवढं बोलून तिनं डोळे पुसले. "परवा काय सांगू तिथं?"

"जे झालं ते सांग. माझ्या बाजूनं नगं, आन कुणाच्या इरुद्ध बी नगं. जे झालं ते."

सुरेखानं तसंच सांगितलं. तिनं आणखी एक केलं. तीन महिने अकरा लेकरांना एकच बाई रस्ता पार करवत होती आणि त्याबद्दल वर लेखी कळवलेलं होतं, त्या पत्राची नक्कल तिनं तनुजाताईंकडून मागून घेतली आणि चौकशीच्या टेबलावर ठेवली. तनुजाताई त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून होत्या. त्यांना आत बोलावलं तेव्हा त्यांनीही जबाब कसा लिहिला गेला ते सांगून टाकलं. वच्छलाबाईला लेखी ताकीद मिळाली, तनुजाताईंनाही मिळाली. सुपरवायझर मॅडमची बदली झाली म्हणतात.

आषाढात वच्छलाबाई कामावर रुजू झाली. पहिल्या सकाळी ती घरोघर फिरायला निघाली तर तनुजाताई समाजमंदिराच्या दारात चपला घालत होत्या.

"पलीकडच्या बाजूची चार लेकरं आता आपल्याकडं येतात, मावशी. त्यांना रस्ता ओलांडावाच लागतो. मी येते तुमच्याबरोबर. शिकवायला दहा मिनिटं उशीर झाला तर झाला."

दोघी गल्लीतून निघाल्या. ज्ञानेश्वरी दप्तर लावून उंबऱ्यावर तयार बसली होती. तिचा पाय जरा ओढतच पडायचा. ती पुढं चालायला लागली आणि वच्छलाबाईनं आपली चाल तिच्याइतकी हळू केली.