ते नाव मी घेणार नाही

मित्रांनो, मला जुना म्हणा, तडकलेला म्हणा, पण बिनकामाचा म्हणू नका. मी एक बोलणारा टॅबलेट आहे. कारखान्यात घडलो, पण बोलायला शिकलो शहरातल्या एका आरोग्य कचेरीत. तिथल्या लोकांनी माणसाच्या आयुष्याचे चार टप्पे पाडले होते: बाळ, मूल, मोठे माणूस, म्हातारे माणूस. प्रत्येकासाठी मला निराळा आवाज दिला आणि मध्य ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी वस्तीवर, डेल्माच्या घरी धाडले.

तिथे मी मन लावून काम केले. डेल्माची नात ताहनी हिचे हृदय दुबळे आहे. तिच्या महिन्याच्या इंजेक्शनची आठवण मी गाणे म्हणून करून देई. डेल्माच्या वडिलांना मात्र रोज सकाळी नाव घेऊन, मोठ्याने हाक मारावी लागे.

"ऐकलं रे, ओरडू नकोस! बायकोसुद्धा इतकी मागे लागली नव्हती," असे म्हणत ते मधुमेहाची गोळी घेत.

मग ते गेले. गेलेल्या माणसाचे नाव इथे कोणी उच्चारत नाही. त्याच नावाच्या शेजाऱ्यालाही त्या दिवसापासून सगळे दुसऱ्या नावाने बोलावू लागले. मी मात्र सकाळ होताच नेहमीसारखी त्यांना हाक मारली. डेल्माने मला उशीखाली दाबले.

"बंदच करून टाक ना, ताई," नोरीन, तिची धाकटी बहीण, म्हणाली.

"आणि पोरीचं इंजेक्शन? मागच्या खेपेला यानेच आठवण करून दिली. आपण दोघी तर साफ विसरलो होतो."

डेल्मा मला घेऊन दवाखान्यात गेली आणि वडिलांचे नाव माझ्यातून काढा, असे सांगायला तिथून तिने कचेरीला फोन लावला.

"खातं बंद करायला त्यांनी स्वतः अंगठा लावायला हवा, बाई," पलीकडचा तरुण म्हणाला.

"मग तूच जा त्यांच्याकडे अंगठा मागायला. मी वाट दाखवणार नाही."

तो गडबडला. "माफ करा. पण आमच्याकडे म्हातारपणानंतरचा टप्पाच नाही."

"त्यानंतर आम्ही असतो की रे, मागे राहिलेले! आम्हाला कुठे ठेवलंस?"

"उद्या बघतो."

"उद्या सकाळी हा पुन्हा हाक मारेल. आजच बघ. मी इथून उठत नाही, आणि तू फोन ठेवायचा नाहीस."

"डेल्मा, दवाखाना बंद करायची वेळ झाली," नर्स म्हणाली.

"मग मला आत ठेवूनच कुलूप घाल."

अंधार पडायच्या आत कचेरीने ते नाव माझ्यातून काढले. ताहनीचे गाणे तेवढे राहू दिले.

सकाळी गोळीची वेळ झाली आणि मी गप्प राहिलो. त्या शांततेत डेल्मा पहिल्यांदा मोकळेपणाने रडली.

मित्रांनो, आता म्हणे माझ्या जागी नवा टॅबलेट येणार. येऊ दे! पण आम्हाला बोलायला शिकवणाऱ्यांनो, आधी इथे येऊन डेल्माजवळ बसा. हाक मारायला शिकवता, तसे गप्प राहायलाही शिकवा. नाही शिकवलेत, तर ती पुन्हा दवाखान्यात ठाण मांडून बसेल, आणि मी तिच्या मांडीवर असेन.