सासूबाईंच्या गाडीत न रडणारी इतो

सासूबाईंच्या गाडीतून इतो उतरली ती गाणं म्हणतच, आणि दारात उभ्या मिनोरीच्या पोटात दुखलं.

मिनोरी पुन्हा कामावर रुजू झाल्यापासून दोन वर्षांच्या इतोला कधी ती पाळणाघरातून आणी, कधी सासूबाई. फुसाए त्यांचं नाव. जपानात तोत्तोरी शहराजवळ त्यांची नाशपातीची बाग होती. मिनोरीच्या गाडीत पोर चाइल्ड सीटमध्ये ताठ होई आणि असा टाहो फोडी, की सिग्नलला शेजारच्या गाडीतली माणसं वळून बघत.

"माझ्याकडे तर चूं करत नाही हो," सासूबाई सहज म्हणाल्या. त्या सहजपणानेच मिनोरीची आग आग झाली.

"तुझी आई तिला सीटमध्ये बसवतच नसणार," जेवताना ती नवऱ्याला म्हणाली. "मोकळी सोडत असतील, म्हणून एवढी खूश. सहा वर्षांखालच्या मुलाला सीट सक्तीची आहे, ताकुमा! परवान्यावर नोंद होईल ती होईल, पण गाडी कुठे आदळली तर?"

"मग विचार की आईला."

"मी? तुझी आई आहे, तू विचार."

ताकुमाने भाताचा वाडगा खाली ठेवला. "तुला नक्की काळजी कशाची आहे, गाडी आदळायची, की इतो हसते त्याची?"

मिनोरी त्याच्याशी दोन दिवस धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कामावरून लवकर निघून तिने पाळणाघराच्या अलीकडेच गाडी लावली आणि आतूनच बघत बसली. बर्फ भुरभुरत होता.

फुसाए नातीला घेऊन आल्या. मागचं दार उघडलं आणि त्या थंडीत पोरीचा जाडजूड कोट चक्क काढला!

सापडल्या, असं वाटून मिनोरी तरातरा गेली. "आई, अहो हे काय? गारठेल ना ती!"

"अगं, तू कशी इथे?" फुसाएंनी पट्टा ओढून बसवला आणि तोच कोट उलटा करून पांघरुणासारखा नातीच्या अंगावर घातला. "कोटावरून बांधलं की पट्टा घट्ट वाटतो, पण आत सगळी हवाच. धक्का बसला की पोर निसटायची. शिवाय कोट गळ्याशी चोळामोळा होऊन काचतो तिला. पोलिसांच्या शिबिरात दाखवलं होतं. मला वाटलं, तुला ठाऊकच असेल."

मिनोरीने इतोच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरायचा प्रयत्न केला. धरता येईना, इतका तो घट्ट होता. तिच्या स्वतःच्या गाडीत, पोर रडते म्हणून, पट्टा कोटावरून इतका सैल सोडलेला, की आत आख्खी मूठ जावी.

पोर सुखरूप येत होती, याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. सासूबाई चुकल्या असत्या तर किती बरं झालं असतं, एवढंच मनात आलं, आणि त्याची तिला लाज वाटली.

"आई, मी तुम्हाला पकडायला आले होते," ती एकदम बोलून गेली.

फुसाए थोडा वेळ इतोच्या केसांवरचा बर्फ झटकत राहिल्या. "माझ्यासोबत पाठवायची नसेल तर तसं सांग. मी नाही येणार."

'नका येऊ' हे शब्द मिनोरीच्या अगदी ओठांवर आले. ते तिने गिळले. "माझ्या गाडीतली सीट जरा बघता का?"

सीट हलवली तर गदागदा हलली. फुसाएंनी तिच्यावर गुडघा दाबून धरला. "ओढ आता. अजून. सगळा जोर लाव!" मिनोरीने सीट बांधायचा गाडीचा पट्टा ओढला, आणि सीट जागची हलेना. मग तिने स्वतः इतोला आणून बसवलं, कोटाशिवाय.

पुलापर्यंत पोर रडली. मग हुंदके थांबले. समोर सासूबाईंची छोटी पांढरी गाडी चालली होती.

"आजी!" इतो बोट दाखवून खुदकन हसली.

आरशात ते हसू बघताना मिनोरीला पुन्हा बोचलंच. डावीकडे घराचा जवळचा रस्ता फुटत होता. ती तिकडे वळली नाही. त्या पांढऱ्या गाडीमागेच राहिली.